साडेपाचचा सायरन

१

खडकावर एक पिवळं पातळ घडी करून ठेवलेलं होतं. त्यावर कंगवा, कंगव्याशेजारी कुंकवाची डबी, आणि खडकाच्या पायथ्याशी पाण्याकडे टाचा करून ठेवलेल्या दोन चपला. पातळ नेसणारी बाई मात्र कुठेच नव्हती.

देवकी निखारे तिथे पोचली तेव्हा सकाळचे आठ वाजत आले होते. पळसडोह ठाण्यात सहायक निरीक्षक म्हणून रुजू होऊन तिला दीड वर्ष झालं होतं, आणि सुरजी नदीचं हे वळण तिच्या ओळखीचं होतं. दिवाळी आटोपली की इथलं पाणी उतरतं, रेतीचा मोठा पट्टा उघडा पडतो, आणि नागपूरची माणसं शनिवार-रविवारी तंबूत राहायला येतात. आज तो पट्टा दिसतच नव्हता. गढूळ पाणी थेट बाभळींच्या बुंध्यांपर्यंत आलं होतं. वरच्या कडेला लावलेला एक निळा तंबू अर्धा भिजून कलला होता.

तंबू ज्याचे होते तो दुर्गेश पुढे आला. तिशीतला, दाढी नीट कोरलेला, अंगात कॅम्पच्या नावाचं जाकीट. त्याने सगळं एका दमात सांगितलं. काल, शनिवारी, एकच जोडपं मुक्कामाला होतं, गोळीबार चौकातले हेडाऊ. नवरा-बायको दोघंही साठीच्या आसपासचे. लेकीने लग्नाच्या वाढदिवसाची भेट म्हणून बुकिंग करून दिलं होतं. पहाटे धरणाचं पाणी सुटलं. सव्वासहाच्या सुमाराला नवरा ओरडत वर आला, बायको दिसत नाही म्हणून.

नवरा, मधुकरराव, बाभळीखाली प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले होते. पायजमा गुडघ्यापर्यंत ओला. देवकीने विचारलं ते त्यांना कळलं नाही. त्यांनी खिशातून कानाची दोन यंत्रं काढली, तिसऱ्या प्रयत्नात कानात बसवली, आणि मग नको इतक्या मोठ्या आवाजात बोलू लागले.

बुटीबोरीच्या गिरणीत मागांच्या खात्यात एकतीस वर्षं काढली होती, त्यात कान गेले. झोपताना यंत्रं काढून ठेवतात. रात्री नऊला झोपले. "पाठीखाली गार लागलं, तवा जाग आली मले. पाहतो त पानी. ही जवळ नाई."

अंगावर काय होतं, असं देवकीने विचारलं.

"हिरवं पातळ. बारीक रुईफूल काठाचं. जुनं आहे, धुऊन धुऊन उतरलेलं."

हवालदाराने ते लिहून घेतलं. देवकीने खडकाकडे पाहिलं, मग दुर्गेशकडे. धरणातून पाणी सोडण्याआधी सायरन वाजतो, तो वाजला का?

"वाजला ना मॅडम. साडेपाचला. दहा मिनिटं वाजून राहिला होता. मी सोता ऐकला."

मधुकररावांना ऐकू आला नसेल, हे उघड होतं. पण त्यांच्या बायकोचे कान तर चांगले होते. दोन किलोमीटरवरून भोंगा दहा मिनिटं कोकलत असताना एक शहाणी बाई नवऱ्याला झोपलेला सोडून नदीत का उतरेल?

२

दुर्गेशकडे या प्रश्नाचं उत्तर तयार होतं. देवकीला कॅम्पच्या टपरीत बसवून त्याने दबक्या आवाजात सांगितलं की बाई आल्यापासून गप्प गप्पच होत्या. आणि संध्याकाळी नवरा त्यांच्यावर ओरडत होता, पार वरपर्यंत ऐकू येत होतं. पुढचं तुम्ही समजून घ्या.

काय म्हणून ओरडत होता, ते मात्र त्याला सांगता येईना. बरंच खोदल्यावर एवढंच निघालं, की भाजीत मीठ बरोबर आहे, असं ते ओरडून म्हणाले होते. देवकीने वहीत भांडणाची नोंद केली आणि तिच्यावर काट मारली. या माणसाला हळू बोलता येत नाही, हे तिने अर्ध्या तासापूर्वीच अनुभवलं होतं.

कॅम्पवर येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याचा शेकोटीजवळ फोटो काढायची दुर्गेशची पद्धत होती. कालचा फोटो त्याने दाखवला. लाकडं पेटलेली, मधुकरराव ताठ बसलेले, आणि शेजारी अंजिरी पातळातल्या त्यांच्या पत्नी पुष्पलताबाई, तोंडावर पदर धरून हसताना. गप्प गप्प बाईचा हा फोटो देवकीने आपल्या मोबाइलवर मागवून घेतला.

तिथून ती धरणावर गेली. गेट चालवणारा बाबनराव अठ्ठावन्न वर्षांचा, बारीक चणीचा, रोजंदारीवरचा माणूस होता. एकोणीस वर्षांत त्याला कोणी कायम केलं नव्हतं. देवकी जिना चढून येत असतानाच त्याने रजिस्टर उघडून टेबलावर मांडलं होतं. खालच्या गावांच्या पाणीपुरवठ्यासाठी नदीत पाणी सोडण्याचा आदेश आदल्या दिवशी आला होता. पुढच्या नोंदी सुवाच्य अक्षरात होत्या. सायरन पाच तीस ते पाच चाळीस. गेट उघडले पाच पंचेचाळीस.

पाणी त्या वळणावर पोचायला किती वेळ लागतो, असं तिने विचारलं.

"वीस मिनिटं, मॅडम. पंचवीस म्हना."

म्हणजे सहा पाच, सहा दहा. मधुकररावांना जाग आली त्याच्याशी हिशेब जुळत होता. सायरन तुम्हीच वाजवला ना, असं विचारल्यावर बाबनराव रजिस्टरकडे पाहत हो म्हणाला. त्याने एकदाही मान वर केली नाही. पण पोलिसांसमोर मान वर न करणारी माणसं देवकीने पुष्कळ पाहिली होती, आणि त्यातली बहुतेक निर्दोष असतात हेही तिला माहीत होतं.

परतताना जीपमध्ये तिने दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. कार्तिकाचा महिना होता. पहाटे नदीत अंघोळ करायची, उगवत्या सूर्याला अर्घ्य द्यायचं आणि वर यायचं, ही रीत तिच्या आजीनेही पाळली होती. जीव द्यायला निघालेली बाई कोरडं पातळ, कंगवा आणि कुंकू बरोबर नेत नाही. आणि पाण्यातून बाहेर येताच पाय सरळ आत जातील अशा बेताने चपलाही ठेवत नाही. पुष्पलताबाई परत येणार होत्या. पण सायरन वाजला असेल, तर त्या पाण्याजवळ थांबल्याच नसत्या.

दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकत नव्हत्या. मधे कोणीतरी एक तिसरी गोष्ट दडवली होती.

३

तिसऱ्या दिवशी पुष्पलताबाई सापडल्या. धरणापासून आठ किलोमीटर खाली, बंधाऱ्याच्या भिंतीला लागलेल्या काटक्यांच्या ढिगात. मासे धरणाऱ्या यमुताईने पहिल्यांदा पाहिलं आणि गावात निरोप धाडला. अंगावर हिरवं पातळ होतं, बारीक रुईफूल काठाचं. वर्णनाशी जुळतं, असं हवालदाराने पंचनाम्यात लिहिलं. मारहाणीची खूण नव्हती. बुडून मृत्यू, असं डॉक्टरांनी सांगितलं.

मुलगी मयुरी सीताबर्डीच्या एका दुकानात हिशेबनीस होती, लग्न होऊन लकडगंजात गेलेली. ती ठाण्यात आली तेव्हा रडून झालेलं होतं. आईला जायचं नव्हतं, असं तिने स्वतःहूनच सांगितलं. घर सोडून रेतीत कशाला झोपायचं, असं आई म्हणत होती. आपणच हट्ट धरला. तीस वर्षं पूर्ण झाली लग्नाला, कधी दोघं कुठे गेले नाहीत, एक रात्र तरी जा म्हटलं. मग आईनेच विचारलं, नदी आहे का जवळ, मग माझं कार्तिकाचं न्हाणं तरी होईल.

"मी नदी पाहूनच बुक केलं मॅडम," मयुरी म्हणाली.

 देवकीने पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

दुपारी ती यमुताईच्या वस्तीवर गेली. अंगणात जाळी पसरलेली होती आणि यमुताई व तिच्या दोन सुना मांडी घालून ती विणत बसल्या होत्या. एकदोन भोकं नव्हेत, अख्खी जाळी मधोमध चिरली होती. कुंपणावर आणखी दोन तशीच टांगलेली. देवकीने सायरनचं विचारलं.

"वाजला असंल," यमुताई म्हणाली. सुई थांबली नाही.

सायरन वाजला की तुम्ही काय करता, असं तिने विचारलं. काय करनार, पळतो अन् जाळे काढतो, असं उत्तर आलं. पाणी इथवर यायला तास-दीड तास लागतो, तेवढ्यात सगळी निघतात. भोंगा वाजला आणि जाळं गेलं, असं आजवर झालं नाही.

"मग ही कधी फाटली?"

सुई थांबली. दोन सुनांनी एकमेकींकडे पाहिलं. नदीचा ठेका दुसऱ्याच कोणाचा होता आणि यांच्याकडे परवाना नव्हता, हे देवकीला ठाऊक होतं. मासेमारीबद्दल आपण एक अक्षर लिहिणार नाही, असं तिने सांगितलं. यमुताईने सुई जाळ्यात खोचून ठेवली. मग जाळ्याकडे पाहतच म्हणाली, "रविवारीच फाटली. आमाले काई ऐकू नाई आलं वं बाई. पन मी हे कागदावर नाई बोलनार. मले इथंच राह्याचं आहे."

देवकी ठाण्यात परतली तेव्हा वरून फोन येऊन गेलेला होता. बाई मनाने खचलेली होती असं कॅम्पवाला म्हणतो, रजिस्टरमध्ये सायरनची नोंद आहे, तर मग आत्महत्या लिहून प्रकरण मिटवायला उशीर का, अशी साहेबांनी चौकशी केली होती. उद्या दुपारपर्यंत अहवाल हवा होता.

४

त्या संध्याकाळी ती टेबलावर कागद मांडून बसली. फाटलेली जाळी हा पुरावा नव्हता. सही न करणारी साक्षीदार हीसुद्धा साक्षीदार नव्हती. तिने पंचनामा पुन्हा वाचला, मग मोबाइलवरचा शेकोटीचा फोटो उघडला. सहज, त्या बाईचा हसरा चेहरा बघायला म्हणून.

आणि तिची नजर पातळावर थांबली.

अंजिरी. रात्री नऊला झोपताना पुष्पलताबाईंच्या अंगावर अंजिरी पातळ होतं. न्हायला जाताना त्यांनी जुनं हिरवं नेसलं, पाण्यात खराब होईल म्हणून. जो माणूस रात्री नऊला झोपला तो थेट पाठीखाली पाणी आल्यावर उठला, त्याने हिरवं पातळ पाहिलं कधी? नुसता रंग नाही, काठही सांगितला होता. सांगताना तो क्षणभरसुद्धा अडखळला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गोळीबार चौकात गेली. हेडाऊंचं घर दोन खोल्यांचं, समोरच्या खोलीत अजून मागाचा खड्डा होता, वर फळ्या टाकून बुजवलेला. मधुकररावांनी तिला खुर्ची दिली आणि स्वतः फळ्यांवर बसले. मयुरी आतल्या दारात उभी राहिली.

देवकीने फोटो त्यांच्यासमोर धरला आणि सावकाश, शब्द सुटे करून विचारलं, "काका, तुम्ही पहाटे जागे होता ना?"

मयुरी काही बोलू गेली, पण वडिलांचा चेहरा बघून थांबली. मधुकररावांनी फोटो हातात घेतला. पुष्कळ वेळ ते त्या अंजिरी पातळाकडेच पाहत राहिले.

"जागा होतो," ते म्हणाले. या वेळी त्यांचा आवाज मोठा नव्हता. "पाहिलं मी तिले जाताना."

मग त्यांनी सगळं सांगितलं. पहाटे जाग आली, ते तंबूच्या तोंडाशी आले. नदीवर धुकं होतं आणि ती दिवा हातात घेऊन रेतीवरून खाली चालली होती. त्यांना ते फार सुंदर वाटलं. तीस वर्षांत बायकोला असं लांबून चालताना त्यांनी कधी बघितलंच नव्हतं. म्हणून मोबाइल काढला आणि थोडा व्हिडिओ घेतला. मधे ती वळली, काहीतरी बोलली, हसली. कानात यंत्रं नव्हती, अंधारात ओठही दिसले नाहीत. त्यांनी नुसती मान हलवली. थंडी वाजत होती, म्हणून आत जाऊन पडले. डोळा लागला.

"काहून नाही सांगितलं बाबा?" मयुरीने विचारलं.

"काय सांगू? मी पाहत होतो अन् मंग जाऊन निजलो, हे सांगू?"

देवकीने हात पुढे केला. मधुकररावांनी मोबाइल दिला नाही. न्हायला चाललेल्या बायकोचा तो व्हिडिओ होता, ठाण्यातल्या दहा माणसांनी तो पाहावा हे त्यांना कसंसंच वाटत होतं. ते तसं बोलले नाहीत, पण मुठीत मोबाइल दाबून बसले.

"मला तो पाहायचा नाही, काका," देवकी म्हणाली. "मला तो ऐकायचा आहे."

५

व्हिडिओ एक मिनिट चाळीस सेकंदांचा होता. वेळ, पाच चौतीस. देवकीने मोबाइलचं घड्याळ आपल्या घड्याळाशी ताडून पाहिलं, मग डोळे मिटले आणि तो कानाशी धरला.

पाण्याची खळखळ. मधुकररावांचा श्वास, अगदी जवळ. कुठेतरी एक टिटवी. रेतीवरची पावलं. मग बाईचा आवाज, लांबून पण स्वच्छ, थोडा हसरा. पुन्हा पाणी. पुन्हा टिटवी. शेवटपर्यंत एवढंच.

तिने तो चार वेळा ऐकला. रजिस्टरप्रमाणे त्या वेळी सायरन चालू असायला हवा होता. पाच तीस ते पाच चाळीस. जो भोंगा आठ किलोमीटरवरच्या यमुताईला अंथरुणातून उठवतो, तो दोन किलोमीटरवरच्या मोबाइलात उतरला नाही, पण टिटवी उतरली.

सायरन वाजलाच नव्हता. पुष्पलताबाईंनी काहीच चुकीचं केलं नव्हतं. त्या न्हाल्या, आणि सूर्य वर येण्याची वाट बघत ओंजळ धरून पाण्यात उभ्या राहिल्या. सूर्याच्या आधी पाणी आलं.

"काय म्हनते ते?" मधुकररावांनी विचारलं. "मांगं वळून. काय म्हनली ते मले?"

मयुरीने मान खाली घातली. त्या छोट्या खोलीत तिलाही आईचे शब्द ऐकू आले होते, आणि बापाला ते सांगणं ती टाळत होती, हे देवकीच्या लक्षात आलं. तिलाही टाळता आलं असतं, पण मोबाइल पुरावा म्हणून घ्यायचा तर त्यातला शब्द न् शब्द उतरवून मालकाची सही घ्यावी लागते, आणि मालक समोर बसला होता. तिने कागद काढला. आवाजांची नोंद केली, वेळ टाकली, आणि पुष्पलताबाईंचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं. मग कागद फिरवून त्यांच्यापुढे ठेवला.

"निजू नका जी आता. चाय मांडा, मी आलीच."

मधुकररावांनी ते वाचलं. बोट ठेवून पुन्हा वाचलं. मयुरी येऊन त्यांच्या शेजारी फळ्यांवर बसली. त्यांनी पेन मागितलं, खाली सही केली, आणि मग पेन परत द्यायचं विसरून तसेच हातात धरून बसले.

देवकीला वाटलं, यांना सांगावं की तुम्ही चहा मांडून बसला असता तरी त्या लोंढ्यापुढे काही करू शकला नसता. ते बहुधा खरंही होतं. पण ती तिथे नव्हती, आणि खात्री नसलेलं काही या घरात बोलायची तिला हिंमत झाली नाही.

६

बाबनरावला तिने ठाण्यात बोलावलं नाही. ती धरणावर गेली, त्याच्यासमोर बसली आणि टिटवीचा आवाज त्याला ऐकवला. पुढे काही विचारावंच लागलं नाही.

सायरनची मोटर पोळ्याच्या आठवड्यात जळाली होती. त्याने पाटबंधारे कार्यालयात अर्ज दिला. मग दुसरा. दसऱ्याला तिसरा, दिवाळीआधी चौथा. प्रत्येक अर्जाची पोच त्याने पत्र्याच्या डब्यात जपून ठेवली होती, शिक्क्यासकट. होईल, बघू, असं उत्तर मिळायचं. आणि पाणी सोडायचा आदेश यायचा तेव्हा रजिस्टरमध्ये सायरनचा रकाना रिकामा दिसता कामा नये, असंही बजावलं जायचं. रकाना रिकामा राहिला तर रोजी जाईल, एवढं त्याला समजत होतं.

"मी भिंतीवर उभं राहून शिटी मारतो मॅडम, दरवेळी. टार्च मारून पाहतो. पन ते वळन इथून दिसत नाई."

त्याने ती शिटीही दाखवली. होमगार्डांकडे असते तशी, दोऱ्यात ओवलेली. देवकीने ती हातात घेतली आणि टेबलावर ठेवली.

दुर्गेशला मात्र तिने ठाण्यातच आणलं. त्याने अगोदर साफ नाकारलं, मग आवाज चढवला, मग रडकुंडीला आला. देवकीने त्याच्यासमोर एकेक गोष्ट मांडली. त्याने सायरन ऐकला असं सांगितलं, तो वाजलाच नव्हता. कॅम्पवर बारा महिने राहणाऱ्या माणसाला सायरन तीन महिने मुका आहे हे माहीत नसणं शक्यच नव्हतं. तरी त्याने खोटं का बोलावं? कारण त्याचे तंबू पूररेषेच्या आत, परवानगीशिवाय लागलेले होते. सायरन वाजला असेल तर दोष न ऐकणाऱ्या पाहुण्यांचा. नसेल वाजला, तर पहिला प्रश्न येणार, की इथे माणसं झोपवलीच कशी? म्हणून त्याने जबानीत भोंगा वाजवला, नवऱ्याचं ओरडणं भांडण करून टाकलं आणि हसऱ्या बाईला गप्प केलं.

"मी कोणाले मारलं नाही, मॅडम," तो म्हणाला.

ते खरं होतं. देवकीने रात्रभर डोकं खपवलं होतं आणि एवढंच हाती लागलं होतं. या प्रकरणात कोणीच कोणाला मारलं नव्हतं. एकाने मोटर दुरुस्त केली नव्हती. एकाने रकाना भरला होता. एकाने मोकळ्या रेतीवर तंबू लावला होता. आणि मग पाणी सुटलं होतं.

अहवाल तिने बारा पानांचा लिहिला. त्यात आत्महत्येचा उल्लेख फक्त एकदा होता, ती नव्हे असं सांगण्यापुरता. अर्जांच्या पोचा जोडल्या, कार्यालयातल्या तीन अधिकाऱ्यांची नावं घातली, कॅम्पच्या बेकायदा जागेचा नकाशा जोडला. आठवड्याने तो परत आला. कार्यालयाचा विषय विभागीय चौकशीत जाईल, इथे नको, असा शेरा होता. तिने पुन्हा पाठवला. पुन्हा परत आला. कॅम्पला नोटीस पुरे. तिसऱ्या वेळी अहवाल आला नाही, साहेबांचा फोन आला. ते सभ्यपणे बोलले. रजिस्टरमध्ये खोटी नोंद करणाऱ्याची सही आहे, हातात आलेला माणूस आहे, मयताच्या नवऱ्याची फिर्याद त्याच्यावर घ्या आणि कोर्टात पाठवा. न्यायच आहे हा, ते म्हणाले.

७

फिर्यादीचा कागद घेऊन ती गोळीबार चौकात गेली तेव्हा मार्गशीर्ष लागला होता. मयुरी कामावर गेलेली. मधुकररावांनी दोन्ही यंत्रं कानात घातली आणि चष्मा लावून तिच्यासमोर बसले.

कागदावर आरोपी म्हणून एकच नाव होतं. बाबनराव.

"बाकीचे?" त्यांनी विचारलं.

तिने सांगितलं. तीन वेळा लिहिलं, दोनदा परत आलं, तिसऱ्यांदा फोन आला. याच्यावर सही केलीत तर निदान एक खटला उभा राहील. नाही केलीत तर अपघाती मृत्यू म्हणून फाइल बंद होईल. तिसरा रस्ता आपण पुष्कळ शोधला.

मधुकररावांनी त्या नावावर बोट ठेवलं. मग म्हणाले की हा माणूस तेरवीला आला होता. ओळख न देता दारात बसून राहिला, जेवायला उठवलं तर उठला नाही. जाताना त्याने आपण कोण ते सांगितलं आणि अर्जांच्या प्रती पुढे केल्या. शिव्या द्यायच्या होत्या त्याला. तोंडापर्यंत आल्या होत्या.

"मीबी गिरनीत सुपरवायजरनं सांगतलं म्हनून खोट्या सह्या केल्या आहेत, मॅडम. मशीन तपासली म्हनून. कधी कोनी मेलं नाई, एवढंच."

त्यांनी पेन घेतलं. बाबनरावच्या नावाखाली जी रिकामी जागा होती, तिथे वळणदार, जुन्या शाळेच्या अक्षरात लिहिलं : सायरन बंद असल्याचे या इसमाने चार वेळा लेखी कळवले होते, पोच आहे.

देवकीने ते वाचलं. हे वाक्य राहिलं तर खटला पहिल्याच तारखेला कोलमडेल, हे तिने त्यांना समजावून सांगितलं. हा सुटेल. आणि दुसरं नाव कागदावर नाही. म्हणजे कोणीच उरणार नाही. तुमच्या बायकोसाठी कोणीच नाही.

"मले समजते," मधुकरराव म्हणाले. "खोडू का मंग? तुमी सांगा. तुमी पोलीस आहा. तुमीच सगळं शोधून काढलं."

बाहेर गल्लीतून भाजीची गाडी गेली. ते तिच्याकडे पाहत होते, आणि खरंच उत्तराची वाट पाहत होते. त्यांच्या विचारण्यात टोमणा नव्हता. हिरव्या पातळाचं उत्तर तिने दिलं होतं, फाटलेल्या जाळ्यांचं दिलं होतं, टिटवीचंही दिलं होतं. याचं तिच्यापाशी नव्हतं.

"नका खोडू," ती शेवटी म्हणाली, आणि असं म्हणण्याचा आपल्याला काय अधिकार, हे तिला कळलं नाही.

मधुकररावांनी सही केली, तारीख घातली आणि कागद तिच्या हातात दिला. दुसऱ्या दिवशी तो वर गेला. तो परत आला नाही, आणि त्याबद्दल कोणी काही विचारलंही नाही.